नदीकाठचा जुना घाट वाचवायला नगरपरिषदेने जागा विकत घ्यावी का?
घ्यावी, पण विकास आराखड्यात जागा सार्वजनिक कामासाठी राखीव दाखवून, म्हणजे नुसतं आरक्षण टाकून, हात झटकू नयेत. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची हालचाल झाली नाही की आरक्षण गेलं. सभेत घोडं पैशाशीच अडतं. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो, पण छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक कुठलं?

वाईजवळचा मेणवलीचा घाट पाहा: कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, वर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा, मागे नाना फडणवीसांचा वाडा. असा घाट वाचवायचा तर मागची मोकळी पट्टीही हवी. मी तर आधी पट्टी आणि नदीकडे जाणारी वाट घ्या म्हणेन. वाड्याचं नंतर बघू.