आय५-१३३५यू की आय५-१३५००एच: कोणत्या प्रोसेसरचा लॅपटॉप घ्यावा?

दोन्ही प्रोसेसर इंटेलच्या २०२३ सालच्या तेराव्या पिढीतले आणि दोन्हींवर ‘आय५’च लिहिलेले असल्यामुळे आपला गोंधळ होणे साहजिक आहे, खरा फरक शेवटच्या अक्षरात आहे. ‘यू’ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, तर ‘एच’ची ४५ वॅट. कमाल वेग अनुक्रमे ४.६ आणि ४.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे जवळपास सारखाच; त्यामुळे ब्राउझर किंवा एक्सेल वापरताना तफावत क्वचितच जाणवेल. व्हिडिओ रेंडर करताना मात्र ‘यू’मधील दोन आणि ‘एच’मधील चार परफॉर्मन्स कोअर (प्रोसेसरमधले जड काम वेगाने करणारे भाग) यांचा फरक उघड दिसतो. तरीही तिप्पट वीज दिली म्हणून काम तिप्पट होत नाही, कारण वेग वाढवण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० वॅट-तासांची बॅटरी सतत ४५ वॅट ओढल्यास तासाभरात संपते, १५ वॅटवर सव्वातीन तास पुरते. पडद्याचा खर्च वेगळाच. चार्जरपासून दूर काम करणार असाल तर ‘यू’ घ्यावा. पातळ, एकाच पंख्याच्या लॅपटॉपमधला ‘एच’ तर मी सुचवणारच नाही, कारण तो तापला की स्वतःच वेग कमी करतो.