विंडोज ११ वर तारखा उलट्या पडतात, मराठी टाइप होत नाही, अक्षरंही बारीक दिसतात. काय करू?

आमच्या परभणीच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानात हेच रडगाणं होतं. संगणक अमेरिकी पद्धतीवर असला की ०५/१०, म्हणजे आपली ५ ऑक्टोबर, तो १० मे धरतो. २५/१० लिहिलं तर एक्सेल त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर समजून डावीकडे चिकटवतं.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन उघडा. रीजनल फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' करा. तारीख सरळ होते, स्वल्पविरामही लाख-कोटीचे पडतात: १२,३४,५६७. आधी चुकलेल्या नोंदी मात्र आपोआप सुधरत नाहीत, त्या हातानंच बघाव्या लागतात. सोयाबीनच्या हंगामात हे काम अंगावर घेऊ नका!

तिथंच 'अॅड अ लँग्वेज'मधून मराठी घ्या आणि भाषेच्या पर्यायांत मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडा. इंग्रजी अक्षरांत 'namaskar' दाबलं की नमस्कार उमटतं. भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस. सगळा संगणक मराठीत करायच्या भानगडीत मी पडलो नाही. मेनू शोधताना माझाच गोंधळ उडतो.

अक्षरांसाठी विंडोज आणि यू दाबा, टेक्स्ट साइज वाढवा. २२५ टक्क्यांपर्यंत जातं. आमच्या अण्णांना १५० पुरलं.