बर्बन हवी, पण अंगाने हलकी

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. शनिवारी रात्री एखादा पेग, तोही सोडा घालून, एवढाच माझा रिवाज. दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या मुलाने बर्बनची, म्हणजे मक्यापासूनच्या अमेरिकी व्हिस्कीची, बाटली आणली, तिच्यावर ५७ टक्के मद्यार्क असे छापलेले आहे. पहिल्याच घोटाला घसा पोळला आणि जळक्या लाकडाची कडवट चव बराच वेळ जिभेवर राहिली. चवीतला गोडवा मात्र आवडला. मुलगा म्हणतो की बर्बन अशीच असते. घेण्याजोगी हलकी बर्बन मिळते का, की हलकी म्हणजे पाणचटच?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या एका तक्रारीत दोन तक्रारी आहेत. घसा पोळला तो मद्यार्काने, आणि त्यावर पाणी हा उपाय आहे. जिभेवर रेंगाळलेला कडवटपणा लाकडाचा आहे, तो पाण्याने पातळ होईल पण जाणार नाही. म्हणून बाटली बाजूला सारण्यापूर्वी एक प्रयोग करावा. ३० मिलिलिटर बर्बनमध्ये साधे पाणी दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर घातले की मद्यार्क ४३ टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटल्यांवर ४२.८ हा आकडा असतो, तेव्हा आपल्या घशाला ही पातळी ओळखीची आहे. पाणी घालण्यापूर्वी ग्लास नाकाशी नेल्यास नाक नुसते झणझणते. पाणी घालून पाच मिनिटे थांबल्यास त्याच ग्लासातून व्हॅनिला आणि जळत्या साखरेच्या पाकाचा वास येऊ लागतो. सोडा मात्र पहिल्या वेळी टाळावा, कारण माझ्या अनुभवात तो लाकडाचा कडवटपणा अधिकच उठवतो.

एवढे करूनही लाकूड जाणवलेच, तर दोष आपल्या जिभेचा नाही. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बनच्या धान्यात मका किमान ५१ टक्के असावा लागतो, गाळताना मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही, पिंपात भरताना तो ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावा लागतो आणि पिंप ओकचे, आतून जाळलेले व दर वेळी कोरे असावे लागते. जडपणाचे मूळ या कोरेपणात आहे. स्कॉचवाले पुष्कळदा बर्बननेच रिकामी केलेली पिंपे घेतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला चहापत्तीची दुसरी उकळी येते. पहिली, कडक उकळी बर्बनच्या पदरात पडलेली असते. त्यात बर्बनचे माहेर म्हणजे अमेरिकेचे केंटकी राज्य, तिथला उन्हाळा कडक, आणि बहुमजली गोदामांच्या वरच्या मजल्यावर तर पिंपे अक्षरशः शेकतात व लाकूड मद्यात लवकर उतरते. म्हणून स्कॉचच्या सवयीने बर्बनमध्ये जास्त वर्षांचा आकडा शोधू नये. हलकेपणा हवा असेल तर चार ते सहा वर्षांच्या आसपासची बर्बन बरी.

नाव घेऊन सांगायचे तर माझी पहिली निवड फोर रोझेसची साधी, ४० टक्क्यांची बाटली. केंटकीतल्या या कारखान्यात धान्याची दोन मिश्रणे आणि यीस्टचे पाच प्रकार यांच्या जोड्यांतून दहा वेगवेगळ्या बर्बन तयार होतात व त्यांच्या मिश्रणातून ही बाटली भरली जाते. शिवाय त्यांची गोदामे एकमजली असल्याने वरखाली तापमानाचा फरक कमी पडतो. तिच्यात मला पिकलेले नासपती आणि पातळ मध जाणवतो, आणि घोट गिळल्यावर चव रेंगाळत न बसता निघून जाते. आपल्याला हवे ते बहुधा हेच.

दुसरी बेसिल हेडन, तीही ४० टक्क्यांची. जिम बीम कंपनीने ती १९९२ मध्ये आणली आणि तिच्यात रायचे प्रमाण कंपनीच्या नेहमीच्या बर्बनपेक्षा सुमारे दुप्पट आहे. (ही राय म्हणजे गव्हाच्या कुळातले धान्य, फोडणीतल्या राईशी तिचा संबंध नाही.) त्यामुळे अंग हलके असूनही जिभेवर लवंग-मिऱ्यांचा चटका येतो. जाणकारांपैकी अनेकजण तिला पातळ म्हणून नाके मुरडतात आणि किमतीकडे पाहता त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र सोडा-बर्फाने बुडवली नाही तर ती पाणचट लागत नाही. हलकी बर्बन पाणचट होते ती बहुधा आपल्याच हाताने. स्वस्तात भागवायचे असल्यास जिम बीमची पांढऱ्या लेबलची बाटली आहे, पण ती मी सोड्यासाठीच राखून ठेवीन.

मुलाला सांगताना एवढे सांगावे की लेबलावर ‘बॅरल प्रूफ’ किंवा ‘कास्क स्ट्रेंग्थ’ (म्हणजे पिंपातल्या कडकपणातच भरलेली) हे शब्द असतील तर ती बाटली आपली नव्हे. ‘बॉटल्ड इन बाँड’ असेल तर मद्यार्क नेमका ५० टक्के असतो. ‘लाइट व्हिस्की’ हे शब्द वाचूनही हुरळून जाऊ नये. व्होडका आणि हलक्या कॅनेडियन व्हिस्कीकडे वळलेला ग्राहक परत आणण्यासाठी १९७२ पासून अमेरिकेत हा वेगळा प्रकार बाजारात आला. तो ८० टक्क्यांच्या वर गाळून जुन्या किंवा न जाळलेल्या पिंपांत मुरवतात, त्यामुळे तो बर्बन ठरत नाही, आणि त्या वेळी ग्राहकानेही त्याला फारशी दाद दिली नाही. विमानतळावर प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, तेव्हा मुलाच्या पुढच्या फेरीत वरच्या दोन्ही बाटल्या बसतील.

प्रश्न : मेकर्स मार्क ही हलकी बर्बन समजावी काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मऊ समजावी, हलकी नव्हे. तिच्यात रायऐवजी गहू असतो, म्हणून तिखटपणा जातो आणि गोडवा पुढे येतो. पण मद्यार्क ४५ टक्के आहे आणि अंग चांगले भरलेले, जवळजवळ तुपकट आहे. गव्हाच्या खिरीला तिखट नाही म्हणून कोणी ती हलकी म्हणत नाही.