वाचक विचारतात: चिखलात खेळून पोरगं शिकणार काय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत आहे. त्याच्या प्लेस्कूलने यंदापासून आठवड्यातून एकदा 'फॉरेस्ट स्कूल' सुरू केलंय, म्हणजे मुलांना टेकडीच्या पायथ्याशी झाडीत नेतात आणि दोनेक तास नुसतं खेळू देतात. काय शिकवलं विचारलं तर म्हणतो, 'काही नाही, आम्ही धरण बांधलं.' कपड्यांची वाट लागलेली असते ते वेगळंच. सासूबाई म्हणतात पैसे भरून चिखलात लोळायला कशाला पाठवायचं, आम्ही फुकटात लोळायचो. आणि मिस्टरांना टेन्शन की पुढच्या वर्षी सिनियर केजी, अजून पेन्सिल धड धरता येत नाहीये. खरंच काही फायदा असतो की नुसतं फॅड?

उत्तर: सासूबाईंचं फुकटवालं म्हणणं मला एकदम मान्य आहे, फक्त त्यांच्या वेळचं अंगण, परसदार आणि मोकळा माळ आता इंदिरानगरात शोधून दाखवा म्हणावं, तिथे पार्किंग झालंय.

आता ते धरण. एकदा लांब उभं राहून बघाच. उताराला पाण्याचा ओघळ असतो, तीन-चार पोरं त्यात माती टाकतात, माती वाहून जाते. मग दगड आणतात, तर दगडांच्या फटीतून पाणी. कुणीतरी पळसाचं पान आणून फटीवर लावतं, वरून चिखल थापतं, पाणी थांबतं, सगळे नाचतात आणि तेवढ्यात बाजूनं पाणी फुटतं, 'अरे इकडून पळालं, मोठा दगड आण, हा नको, चपटा!' आता यात काय काय झालं बघा, अंदाज बांधला, करून पाहिलं, फसलं, का फसलं ते शब्दात सांगितलं, चपटा-गोल, जड-हलकं, आधी-नंतर सगळं आलं, आणि तो मोठा दगड एकट्याला उचलत नाही म्हणून ज्याच्याशी काल भांडला त्यालाच हाक मारावी लागली. हे सगळं कुणी 'शिकवलं' नाही म्हणून पोरगं काही नाही म्हणतंय, ते त्याच्या दृष्टीनं खरंच आहे.

पेन्सिलीचं मिस्टरांना असं सांगा, की पेन्सिल बोटात दिसते पण तिला आधार खांद्याचा आणि मनगटाचा लागतो. फांदीला लोंबकळणं, ओल्या मातीचे गोळे वळणं, करंजाची शेंग फोडून बी काढणं, ही सगळी हाताचीच तयारी आहे. नॉर्वेत ५ ते ७ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला होता, २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात बालवाडीशेजारच्या जंगलात रोज खेळणाऱ्या मुलांचा तोल आणि हातापायांचा ताळमेळ नेहमीच्या मैदानात खेळणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेला दिसला. कारण सोपंय, घसरगुंडीच्या पायऱ्या सगळ्या सारख्या असतात, चढावरचे दोन दगड कधी सारखे नसतात. आता यामुळे अक्षर आपोआप मोत्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही, पण साडेचाराव्या वर्षी नुसत्या रेघोट्या गिरवून घेतल्यानं तरी कुठे होतं! आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा ३ ते ८ वर्षांसाठी खेळातूनच शिकवा म्हणतंय.

फॅड आहे का, तर कल्पना जुनी आहे. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकापासून जंगलातल्या बालवाड्या आहेत, इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी १९९३ साली त्या बघून आली आणि तिथून 'फॉरेस्ट स्कूल' हे नाव पसरलं. तुमच्या शाळेचं फॅड आहे का हे मात्र तुम्हालाच तपासावं लागेल. त्याच त्याच जागी नेतात ना? आज पांडवलेणी, पुढच्या वेळी सोमेश्वर, त्यानंतर गंगापूर धरण असं चाललं असेल तर ती सहल झाली. त्याच झाडाखाली परत परत गेलं की मूल म्हणतं, मागच्या वेळी इथे मुंग्या होत्या, आता कुठे गेल्या, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं. दुसरं, बाई किती बोलतात बघा. मूल मुंग्यांची रांग बघत उकिडवं बसलंय आणि वरून 'मुंगीला पाय किती? रंग कोणता?' चालू असेल, तर मग वर्गच काय वाईट होता. आणि दर दहा मिनिटांनी ग्रुपवर फोटो येत असतील तर बाईंचं लक्ष मोबाईलमध्ये आहे एवढं समजून घ्या.

प्रश्न: नातीला असंच बाहेर नेतात. डिसेंबरात नाशिकची थंडी, पावसाळ्यात साप-विंचू, त्यात बिबट्याच्या बातम्या. आजोबा म्हणून जीव घाबरतो. काय करावं?

उत्तर: काका, थंडीला स्वेटर-कानटोपी आहे, थंडीनं सर्दी होत नाही, सर्दी बंद खोलीत एकमेकांकडून जास्त लागते. मातीचं तर उलटंच आहे, फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या आवारात जंगलातली माती-गवत आणून टाकलं, आणि २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्ततपासणीत प्रतिकारशक्तीच्या खुणाही चांगल्या दिसल्या. अर्थात घरी आल्यावर साबणानं हात धुवायचे म्हणजे धुवायचेच.

बिबट्याबद्दलची भीती मात्र अनाठायी नाही. पूर्ण उजाडल्यावरच जायचं, अंधार पडायच्या आत घरी, उसाच्या आणि दाट झुडपांच्या कडेला नाही, आणि त्या भागात दिसल्याची बातमी असेल तर त्या आठवड्यात सरळ रद्द. सापासाठी पायात बूट, दगड हातानं उलटायचा नाही, आणि मुलं यायच्या आधी मोठ्यांनी काठी आपटत एक चक्कर मारायची.

पण मला जास्त भीती बियांची वाटते, तुम्ही ते विचारलं नाहीत तरी सांगते. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबानं दवाखान्यात जातात. लाल-काळी गुंज, पिवळ्या कण्हेरीचं फळ, धोतरा ही तर जिवावर बेतणारी. या चार गोष्टी नातीच्या बाईंना ओळखता येतात का एवढं विचारा, आणि खाजकुइली पण. तोंडात काहीही घालायचं नाही हा नियम पोरांच्या तोंडपाठ हवा. इंग्लंडात शेकोटी पेटवायला शिकवतात म्हणून इथे कुणी तो हट्ट करत असेल तर मात्र नाही म्हणा, आपल्या टेकड्यांवर वाळलेलं गवत असतं, एका ठिणगीत वणवा.

प्रश्न: मी सातपूर भागात अंगणवाडी सेविका आहे. पंचवीस मुलं, जंगल सोडा मैदानही नाही, दाराशी एक करंजाचं झाड तेवढं. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर: ताई, ते झाड आहे ना, मग पुष्कळ आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर अंगणातच बालवाडी भरवली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली, मुलं जिथे गुरं चारायची तिथेच शाळा. त्यामुळे हे आपल्याकडे डेन्मार्कहून यायची गरज नव्हती.

एका गोणीत नारळाच्या करवंट्या, गुलमोहराच्या शेंगा, गुळगुळीत दगड, सुतळी आणि जुन्या साडीचे तुकडे भरा. पंचवीस मुलं एकदम सोडू नका, निम्मी मदतनीस ताईंकडे आत, निम्मी तुमच्याबरोबर झाडाखाली, मग अदलाबदल. झाडाभोवती एक बादली पाणी ओतलंत की चिखल तयार, आणि मग पहिली दहा मिनिटं तुम्ही काहीच बोलू नका, हे सगळ्यात अवघड आहे. 'त्याला जास्त मिळाल्या' म्हणून मुलं आपणहूनच बिया मोजायला लागतील. करंजाचा बहर, शेंगा, पानगळ असं वर्षभर दर महिन्याला झाडाचं चित्र काढून घ्या आणि भिंतीला लावा, म्हणजे सुपरवायझर मॅडम आल्या की दाखवायलाही काहीतरी राहील. आयांची कपड्यांवरून तक्रार येईलच, प्रत्येकीला घरातला एक जुना शर्ट द्यायला सांगा, तो अंगणवाडीतच ठेवायचा.