शेतकऱ्यांच्या शंका : पोंगेमर, लष्करी अळी, तांबेरा आणि अरगट

पाऊस लांबल्याने खरीप ज्वारी जुलैअखेर पेरली. तीन आठवड्यांत जवळपास निम्म्या रोपांचे पोंगे (मधली गुंडाळलेली कोवळी पाने) वाळले. लगेच फवारणी केली, तरी फरक नाही. शेजारची ज्वारी मात्र चांगली आहे. असे का? (लातूर)

ही खोडमाशी. आपल्याकडे याला पोंगेमर म्हणतात. खात्री करण्यासाठी वाळलेला पोंगा ओढून पाहा. तो सहज निघून आला आणि बुडाला कुजकट वास असला, तर ती खोडमाशीच. खोडकिडा असता तर उरलेल्या पानांवर एका ओळीत छिद्रे दिसली असती, आणि तो सहसा थोडा उशिरा, रोप महिन्याचे होताना येतो.

माशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे, लांबट अंडे घालते. त्यातून निघालेली अळी दोन दिवसांत पोंग्यातून खाली उतरून वाढीचा कोंब कुरतडते आणि कुजलेल्या भागावर जगते. पोंगा वाळलेला दिसेपर्यंत तिचे काम झालेले असते, म्हणूनच तुमची फवारणी वाया गेली. शेजारची ज्वारी वाचली ती लवकर पेरल्यामुळे. माशीची संख्या वाढेपर्यंत ती रोपे धोक्याच्या वयापुढे गेली. पहिल्या पेऱ्यांवर वाढलेल्या माश्यांना नंतर तुमची कोवळी रोपे मिळाली. धोक्याचे वय साधारण उगवणीनंतरच्या सातव्या दिवसापासून महिन्यापर्यंतचे.

आता वाळलेली रोपे उपटून बांधावर न टाकता नष्ट करा. बुंध्यातून फुटवे आले तरी त्यांवर फार भिस्त ठेवू नका. तेही पुन्हा पोखरले जातात आणि कणसे मागेपुढे येतात. पुढच्या हंगामात पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका. पाऊसच लांबला तर बियाणे थोडे जास्त वापरा आणि विरळणी करताना पोंगेमर रोपे आधी काढा. उशिराच्या पेऱ्यात बीजप्रक्रिया टाळूच नका: थायामेथोक्झाम ३० एफएस, किलोला १० मिली. काणीसाठी (कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) ३०० मेशचे, म्हणजे अगदी बारीक गंधक ४ ग्रॅम लावणार असाल तर ते आधी, मग कीटकनाशक, आणि जिवाणू संवर्धक (पिकाला उपयोगी जिवंत जिवाणूंचे खत) सर्वांत शेवटी. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. हातमोजे घाला, आणि उरलेले बियाणे कोंबड्यांना किंवा खाण्याला कधीही वापरू नका.

मक्यावर लष्करी अळीसाठी तीन फवारण्या झाल्या. पोंग्यात अळ्या तशाच आहेत. औषध बनावट असेल का? (छत्रपती संभाजीनगर)

औषधाला दोष देण्याआधी फवारा कुठे पडला ते पाहा. अळी मोठी झाली की पोंग्यात खोल बसते आणि वर ओल्या भुशासारख्या विष्ठेचा बूच तयार होतो. पानांवरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. ओळख पक्की करा: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. २०१८ साली कर्नाटकातून सुरुवात झालेली ही अमेरिकन लष्करी अळी आता आपल्याकडे कायमची आहे.

फवारणीची खरी वेळ अळी लहान असतानाची, तिच्या पहिल्या दोन अवस्थांची. पानावर पारदर्शक खिडक्यांसारखे चट्टे दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. शंभर लिटरसाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या. त्यापुढच्या अळ्यांना इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी, दहा लिटरला ४ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून. तेच औषध पुन्हापुन्हा मारू नका. अंडीपुंज केसाळ, मळकट दिसतात. ते हाताने चिरडा. एका पुंजात शंभराहून अधिक अंडी असतात, त्यामुळे या कामाचे मोल फवारणीहून कमी नाही. मका चाऱ्याचा असेल तर रासायनिक फवारणी टाळलेलीच बरी.

डिसेंबरअखेर पेरलेल्या गव्हाच्या पानांवर नारिंगी ठिपके आहेत. खताची कमतरता की तांबेरा? (परभणी)

पानावर बोट फिरवा. पावडर बोटाला लागली तर तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. कमतरतेचा पिवळेपणा बोटाला लागत नाही. पानावर विखुरलेले गोल नारिंगी-तपकिरी फोड म्हणजे पानावरचा तांबेरा. खोडावर लांबट, विटकरी आणि पुढे काळे पडणारे फोड म्हणजे खोडावरचा, आणि तो जास्त घातक. निलगिरीच्या डोंगरात गहू वर्षभर असतो. तिथून बीजाणू वाऱ्यावर येतात, त्यामुळे शेत कितीही स्वच्छ ठेवले तरी धोका राहतोच. उशिराच्या पेऱ्यात दाणे भरताना ऊन वाढते आणि तांबेऱ्यालाही सोयीची वेळ मिळते.

पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, लिटरला १ मिली. दाणे पक्व होत आले असतील तर फवारू नका: उपयोग नाही, आणि फवारणी व काढणीत किमान ३० दिवस हवेत. युरियाचा हप्ता आता नको. पुढे उशिरा पेरणे भाग पडले तर एनआयएडब्ल्यू ३४ सारखा त्या वेळेसाठी शिफारस केलेला वाण घ्या.

बाजरीच्या कणसातून चिकट थेंब गळतात, मळणीत काळे खडे निघतात. दाणे खावेत का? (धुळे)

हा अरगट, कणसावरचा बुरशीचा रोग. काळे खडे विषारी असतात, माणसांना आणि जनावरांनाही. ते काढल्याशिवाय दळू नका. बियाण्यासाठी दहा लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता, तरंगणारे सारे काढून जाळा, तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. धुण्यात कसर राहिली तर मिठामुळे उगवण घटते.