काळ्या चिकट मातीत वाळू मिसळावी का?

कोल्हापुरातल्या नव्या बंगल्याभोवतीची माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि एप्रिलमध्ये भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू आणि विकतची तांबडी माती मिसळावी का, असे आपण विचारले आहे. येथे बाग करणारा म्हणून माझे मत असे की, या दोन्हींवर पैसे घालू नयेत.

बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात; भेगा त्यामुळेच पडतात. हा स्वभाव वाळूने बदलायचा तर जवळजवळ निम्मी वाळू घालावी लागेल. त्याहून कमी घातली तर बारीक कण वाळूमधल्या फटी भरून टाकतात आणि माती वाळल्यावर अधिकच टणक होते. पन्हाळा-गगनबावड्याकडील तांबडी माती जांभ्याची आणि आम्लधर्मी असते, पण ती नुसती वर पसरल्याने खालच्या मातीचा निचरा सुधारत नाही.

अर्थात, आपल्या अंगणात खरोखर काळी मातीच आहे का, हे आधी पाहावे, कारण नव्या घराभोवती पुष्कळदा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंट मिसळलेला भराव असतो. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेऊन वर पाणी भरावे आणि जोरात हलवून ठेवावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत, तर चिकणमातीला दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो; थरांच्या जाडीवरून प्रमाण कळते. तसेच फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा व पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला इंचभरही उतरले नाही, तर निचरा कमी आहे असे समजून गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करावेत.

खरी सुधारणा सेंद्रिय पदार्थांनीच होते, कारण ते कुजताना सूक्ष्मजीव जे चिकट पदार्थ सोडतात, त्यांनी बारीक कणांचे रवाळ ढेकूळ बनतात आणि हवापाण्याला वाट मिळते. पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा दोन-तीन इंचांचा थर वरच्या अर्ध्या फुटात मिसळावा, मात्र वाफसा असतानाच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, अशी असताना. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की तिची घडण मोडते. पुढे दरवर्षी खत नुसते वर पसरले तरी चालते. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक मिळते. त्याचे आच्छादन उत्तम, पण ते कच्चे मातीत गाडू नये, कारण कुजताना ते नत्र ओढून घेते. साखर कारखान्याचे प्रेसमडही (उसाचा रस गाळताना उरणारा गाळ) कुजवूनच वापरावे.

गुलाब किंवा जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील, तर बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे.

जिप्समचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. ते शिरोळ भागात आढळतात तशा चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनींसाठी उपयोगी आहे. चिकटपणा दिसला म्हणून टाकू नये. चार-पाच ठिकाणची अर्धा फूट खोलीपर्यंतची माती एकत्र करून तिचा अर्धा किलो नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवालात सोडियम जास्त निघाला तरच जिप्सम आणावे.