दिवे लागतात, तरी मीटर म्हणतो ‘बल्ब गेला’

प्रश्न : माझी 2011 ची, युरोपियन बनावटीची सेडान आहे. दर शनिवारी संध्याकाळी कराडहून कुंभार्ली घाटातून चिपळूणला आईकडे जाते. पिवळट उजेडाला कंटाळून दिवाळीत हेडलाइटला एच-सेव्हन मापाचे एलईडी बसवले. तेव्हापासून मीटरवर बल्बचं पिवळं चिन्ह येतं, डाव्या बाजूचं कायम, उजव्या बाजूचं अधूनमधून. दिवे मात्र दोन्ही लागतात. चावी फिरवली की क्षणभर मिणमिणतात आणि एफएमवर खरखर येते. दुकानदार म्हणतो, ‘ताई, रेझिस्टर टाकून देतो, पंधरा मिनिटांचं काम.’ टाकू का? आणखी एक, समोरचे गाडीवाले हल्ली मला सारखे डिपर मारतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, रेझिस्टर लगेच टाकू नका. तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं वाक्य मला मीटरवरच्या चिन्हापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. पण आधी चिन्हाचं बघू.

तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला उजेड दिसत नाही, त्याला फक्त करंट कळतो. मूळचा हॅलोजन 55 वॅटचा, म्हणजे साधारण चार अँपियर ओढणारा. एलईडी 25 वॅटच्या आसपास असेल तर तो दोन अँपियरही ओढत नाही. एवढा कमी करंट दिसला की कॉम्प्युटर बल्ब गेला असं धरतो. मिणमिणण्याचं कारणही याच तपासणीत आहे. चावी फिरवल्यावर तो बल्बकडे करंटचे बारीक ठोके पाठवून तार शाबूत आहे का ते बघतो. तेवढ्यानं हॅलोजनची तार तापतसुद्धा नाही, एलईडी मात्र लुकलुकतो. एफएमची खरखर बहुतेक एलईडीच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे त्याचा करंट सांभाळणाऱ्या छोट्या सर्किटमधून येते. दिवे बंद केल्यावर ती थांबत असेल, तर दोष तिथलाच.

डावं कायम आणि उजवं अधूनमधून, यासाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. दोन्ही एलईडी आपापसात बदलून लावा. कायमचं चिन्ह उजवीकडे सरकलं तर त्या एलईडीत खोट आहे. डावीकडेच राहिलं तर डाव्या होल्डरची पिन जळकी आहे का, अर्थिंगचा जोड गंजलाय का, ते बघायला सांगा. एवढ्या वर्षांच्या गाडीत, त्यातून कोकणातल्या पावसात नेहमी जाणाऱ्या, हे हमखास सापडतं. असा जोड तसाच ठेवून वर रेझिस्टर चढवला, तर तो आणखी तापणार.

आता रेझिस्टर. तो जादा करंट ओढून कॉम्प्युटरला हॅलोजनच आहे असं भासवतो. बाजारात सोनेरी पत्र्याचा, 6 ओहम 50 वॅटचा मिळतो. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्टला तो एकटाच 32 वॅटच्या आसपास वीज खातो आणि तिची नुसती उष्णता करतो. म्हणजे एलईडीनं वाचवलेली सगळी वीज परत गेली. माझ्याकडे एक गाडी आली होती, रेझिस्टर प्लास्टिकच्या पट्टीनं वायरिंगलाच बांधलेला. शेजारच्या तीन वायरींचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलं होतं, आग लागायचीच काय ती बाकी होती. टाकायचाच असेल तर उघड्या लोखंडी पट्टीवर, स्क्रूनं, वायरींपासून लांब. त्यापेक्षा कॅनबस डिकोडर बरा, म्हणजे वायरिंग आणि एलईडीच्या मध्ये बसणारी, कॉम्प्युटरची तपासणी सांभाळून घेणारी डबी. तो मिणमिणणंही थांबवतो. तोही तापतो, तेव्हा बसवायची जागा पाहूनच. स्कॅनर लावून बल्बची तपासणीच बंद करून देणारेही भेटतील. ते करू नका. मग घाटात खरोखर दिवा गेला तरी गाडी काही बोलणार नाही.

आणि आता ते डिपर. हॅलोजनची तार जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असते आणि हेडलाइटचा आरसा तिच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीत त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. जागा जराशी हलली तरी उजेड वर फाकतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि कुंभार्लीच्या धुक्यात तुमच्याच डोळ्यांवर परत येतो. रात्री भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा आणि दिवे लो बीमवर ठेवून बघा. उजेडाची वरची कड रेघेसारखी स्वच्छ दिसायला हवी. तुमची पसरट दिसेल असं मला वाटतं. हेडलाइटच्या काचेवर ‘एचसीआर’ अशी बारीक अक्षरं सापडली, तर तो हॅलोजनसाठीच मंजूर झालेला दिवा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर एलईडी काढून ठेवले असते. पिवळट उजेडाचं मूळ बल्बमध्ये नसतंही. इतक्या वर्षांत हेडलाइटचं बाहेरचं प्लास्टिक उन्हानं धुरकट झालेलं असतं. ते घासून पॉलिश करून घ्या. चांगल्या कंपनीचे 55 वॅटचेच दोन नवे हॅलोजन जोडीनं टाका, काचेला बोट न लावता. इंजिन चालू ठेवून होल्डरवर व्होल्टेज मोजायला सांगा. बॅटरीपेक्षा ते एक व्होल्टनं जरी कमी भरलं, तरी उजेड चांगलाच उतरतो. शेवटी दिव्यांची उंची लावून घ्या. हॅलोजन परत बसल्यावरही चिन्ह राहिलं, तर कॉम्प्युटरनं नोंदवून ठेवलेला बिघाडाचा जुना कोड स्कॅनरनं पुसून घ्या. पुसूनही परत आलं, तर तो डाव्या बाजूचा जोडच.

पुढच्या शनिवारी घाट उतरताना समोरून किती जण डिपर मारतात, ते मला नक्की कळवा.